वेगळा धुवा

भुसावळला उन्हाळ्यात फोटो सातच्या आत काढायचे.
नंतर उजेड पांढरा होतो, निळा रंग खोटा पडतो,
मग ओसाकाहून कुणी लिहितं, आला तो हा नव्हे.

म्हणून सहालाच गच्चीवर. दोरीला हँगर,
मागे चुन्याची भिंत,
तिच्यावर माझी सावली येऊ नये एवढं पाहायचं.
टेप लावायची : बगल ते बगल, बावीस.
मानेपासून खाली, अठ्ठावीस.
डाव्या खिशाला ठिगळ, ठिगळावर ठिगळ.
आधी मी ते घडीत लपवायचे.
आता पहिला फोटो त्याचाच.

कोट जडीबेनने आणला, आगवाल्यांच्या चाळीतून.
टोपलीत वर चकचकीत स्टील, खाली गाठोडं.
एका पातेल्यावर घेतला, म्हणाली,
झाकणासकट.
झाकणाचं दोनदा म्हणाली.
मी तीनशे दिले.

जाड ड्रिल, चार पितळी बटणं, एक काळं प्लास्टिकचं,
उजव्या बाहीवर तेलाचा हातभर डाग.

‘कृपया धुऊ नये,’ ओसाकाचा माणूस लिहितो.
फोनमधलं भाषांतर त्याला फारच अदबशीर करतं.
आई बाबांच्या बाह्या रॉकेलने घासायची, सोड्याने घासायची,
अख्खा रविवार त्यात जायचा
आणि डाग जायचा नाही.
त्याच डागाचे आता चाळीस डॉलर जास्त.

कॉलरच्या आत बिब्ब्याची खूण आहे.
तीन ठिपके, एक आडवी रेघ.
अर्थ काय, तो विचारतो.
मी काहीही लिहू शकले असते.
शुभचिन्ह. कुलदैवत. असली वाक्यं चालतात,
एकदा एका लुगड्याबद्दल लिहिलंही होतं.
दोन दिवसांत गेलं ते.

झिपरू परटाला आता दिसत नाही.
कॉलर त्याने बोटांनी चाचपली, नाकाशी नेली.
कपडा ओळखला, खूण मी सांगितली.
‘हात मांझाच हाये.
ठिपके म्हंजे लायनीतलं तिसरं घर.
अन् आडी रेघ म्हंजे याले येगया धुवा.
कोयसा सोडे तो. लोकायचे धोतरं काये व्हत.’

घर कुणाचं?
‘तोताराम. बायको नव्हती त्याले.
धुन्याचे पैसे बुडवले नई कधी.’
मग बराच वेळ कॉलरची शिवण चोळत बसला.
‘मेला का?’
मला माहीत नव्हतं.
मी म्हटलं, कोट चांगल्या घरी चाललाय.

ओसाकाला खरं ते कळवलं : वेगळा धुवा.
उत्तर आलं, धुणारच नाही.

पुढच्या बुधवारी जडीबेन ओट्यावर टेकली,
पाणी प्यायली, उरलेलं तोंडावर मारलं.
‘तो निळा कोट कितीला गेला?’
मी अर्धा आकडा सांगितला.
तिने मान हलवली.
तीस वर्षं ती दारोदार हेच ऐकते आहे,
दोनदाच नेसलीय हो, नवीच आहे पँट,
उरलेला अर्धा तिला न सांगता कळतो.
‘तर मग,’ उठता उठता म्हणाली,
‘आजपासून झाकण वेगळं.’

पोस्टात खिडकीपलीकडचा म्हणाला,
जुने कपडे तिकडून इकडे येतात ना, ताई?
खोकं केळीचं, रावेरचं, आतून उलटं करून चिकटवलेलं.
किमतीचा रकाना एवढासा.
जडीबेनला सांगितला तो आकडा आधी लिहिला,
खोडला,
वर पूर्ण लिहिला.
त्याने आकडा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं,
मग परत आकडा.
शिक्का जोरात मारला तरी शाई पुठ्ठ्यावर पसरली,
तारीखही वाचता येईना.
बिब्ब्याची असती तर राहिली असती.